खाडीतल्या कांदळवनात पर्यटन सुरू करायचंय? आधी पाहणी अशी करा

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत २०१७ मध्ये स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी कांदळवन, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची सफर सुरू केली. होडी वल्हवायच्या त्याच आणि झाडं दाखवायच्याही त्याच. तेव्हापासून कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत एक प्रश्न फिरतो आहे: त्यांना जमलं, मग आपल्याला का नाही? प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक ठिकाणी त्याच्या पाठोपाठ लगेच होडीची किंमत, तिकिटाचा दर आणि फलक कुठे लावायचा यावर बोलणं सुरू होतं. मधली एक पायरी सुटते, ती म्हणजे खाडीची पाहणी.

हा लेख त्या पायरीपुरता आहे. बचत गट, ग्रामपंचायत, महाविद्यालयातली मुलं, गावात काही करू पाहणारे मुंबईकर चाकरमानी, यांपैकी कोणीही दोन-तीन महिन्यांत ही पाहणी करू शकतं. शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही, पण चिखलात उतरायची तयारी हवी. आणखी एक तयारी सुरुवातीलाच करून ठेवा. पाहणीतून 'इथे नको' किंवा 'इथे फार थोडं' असं उत्तर येऊ शकतं. ते उत्तर ऐकायचंच नसेल, तर पाहणीचा खटाटोप करू नका.

पहिलं काम: जागा कोणाची आणि कायदा काय

हे कंटाळवाणं आहे, म्हणून आधी उरकून टाका. कांदळवन कोणाच्या ताब्यात आहे ते सातबाऱ्यावर पाहा आणि वनविभागाच्या नकाशाशी ताडून घ्या. सरकारी जमिनीवरचं कांदळवन वन म्हणून घोषित करण्याची प्रक्रिया मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशानंतर सुरू झाली. तुमचा पट्टा तसा घोषित असेल, तर वनविभागाच्या परवानगीशिवाय तिथे काहीही करता येणार नाही. जमीन खासगी असली म्हणून मोकळीक मिळते असंही नाही. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने मालकी कोणाचीही असो, कांदळवन तोडायला बंदी आणि भोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी कायम ठेवली. 'आमचीच खाजण (भरतीचं खारं पाणी येणारी जमीन) आहे, आम्ही काहीही करू' हे वाक्य बैठकीत हमखास येतं. त्याला हे उत्तर तयार ठेवा.

किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या वर्गवारीत कांदळवन सगळ्यात कडक गटात, सीआरझेड-१ए मध्ये येतं. २०१९ च्या अधिसूचनेत कांदळवनातली पायवाट, झाडावरची झोपडी, निसर्गवाट यांना वाव आहे. अट अशी, की त्या पट्ट्याचा पर्यटन आराखडा मंजूर किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्यात आलेला हवा आणि तो जनसुनावणीतून गेलेला हवा. थोडक्यात, ग्रामपंचायतीने ठराव केला आणि लाकडी पूल टाकला, असं चालत नाही. प्रवासी होडीसाठी महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते, ती वेगळी.

वनविभागात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत गावपातळीवर कांदळवन सहव्यवस्थापन समिती नेमता येते. खेकडेपालन, कालवंपालन यांच्या जोडीला निसर्ग पर्यटनही त्या योजनेत बसतं. पाहणी सुरू करण्याआधी कक्षाच्या स्थानिक अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या. पुढे त्याचा उपयोग होतो, शिवाय कॅमेरा आणि दोरी घेऊन चिखलात फिरणाऱ्या अनोळखी माणसांबद्दल कोणी तक्रार केली तर तीही तिथेच मिटते.

तिथी बघून दिवस ठरवा

नवख्या लोकांचं सगळ्यात जास्त इथे चुकतं. सुट्टीचा दिवस बघून रविवारी सकाळी दहाला खाडीवर जमायचं ठरतं. जमल्यावर कळतं की पाणी काठोकाठ आहे आणि चिखल, मुळं, शिंपले काहीच दिसत नाही.

किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला तीनाने गुणायचं आणि चाराने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमा-अमावास्येला (तिथी १५ धरून) सव्वाअकराला. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि तितक्याच तासांनी पुन्हा भरती. हा अंदाज आहे, त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. खाडीच्या मुखापासून आत जाल तसं पाणी उशिरा चढतं आणि उशिरा उतरतं. नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचं तक्ता-पुस्तक किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेची माहिती पाहा आणि ती तुमच्या धक्क्यावर घड्याळ लावून ताडा. मुखाशी भरती किती वाजता लागली, आतल्या शेवटच्या वळणावर किती वाजता, हा फरक एकदा लिहून ठेवला की कायमचा कामाला येतो.

वेळेइतकंच महत्त्व पाणी किती चढतं-उतरतं याला आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, सिंधुदुर्गात पाण्याचा चढ-उतार बराच कमी आहे. म्हणून ठाण्याच्या खाडीचे अनुभव मालवणला जसेच्या तसे लावू नका.

चिखलातल्या पाहणीसाठी मला तृतीया-चतुर्थीचा दिवस आवडतो. पहाटे भरती होऊन गेलेली असते, सकाळी साडेआठ-नऊला पुरती ओहोटी लागते, उधाणाला दोन-तीनच दिवस झालेले असल्याने पाणी बऱ्यापैकी उतरतं आणि उन्हं तापायच्या आत काम होतं. होडीतून पाहणी करायची तर दशमी ते त्रयोदशी. भरती साडेसात ते पावणेदहाच्या दरम्यान येते, पक्षीही तेव्हाच हलत असतात. हे दोन्ही दिवस पाहिल्याशिवाय खाडी पाहिली असं म्हणू नका. भरतीत जे हिरवं, देखणं पाणवन दिसतं, तेच ओहोटीत प्लास्टिकच्या पिशव्या लटकलेलं दिसू शकतं.

खाडीवर ज्यांचं पोट आहे, त्यांच्याकडे आधी जा

झाडं मोजण्याआधी माणसं. खाडीत कोण काय करतं याचा नकाशा काढायचा आहे, आणि तो सरपंचांच्या घरी बसून निघत नाही. ओहोटीच्या वेळी तिसऱ्या, मुळे, कालवं असे शिंपले काढायला ज्या बायका चिखलात उतरतात, त्यांची नावं कोणत्याही मच्छीमार संस्थेच्या यादीत बहुधा नसतात. कुर्ल्या (खेकडे) पकडणारे, पागेर (फेकायचं जाळं) टाकणारे, रात्री जाळं लावून पहाटे काढणारे, खाजणात गुरं सोडणारे, जळणासाठी सुकं लाकूड नेणारे, अशा सगळ्यांना एकेक करून भेटा.

मोठ्या कागदावर खाडीची रेघ काढा आणि त्यांनाच खुणा करू द्या. जाळी कुठे लागतात, किती वाजता, कोणत्या महिन्यात. खडक कुठे आहे, रेती कुठे सरकली आहे. होडी कुठे रुतते. पूर्वी पाणी कुठपर्यंत यायचं. एखाद्या वळणावर देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदाराची जागा असेल, तर तिथे परक्यांना नेलेलं चालेल का, हेही विचारा. ही माहिती उपग्रहाच्या चित्रात नसते.

तुम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जाईल: 'पर्यटक येतले ता बरा, पण माझ्या जाळ्याचा काय?' त्याला गोडगोड उत्तर देऊ नका. जाळ्याची वेळ आणि होडीची वेळ एकच येत असेल, तर होडीची वेळ बदलायची, हे तिथेच मान्य करा आणि कागदावर लिहा. बदलता येत नसेल, तर तो पट्टा सोडून द्या. खाडीतून आधीपासून ज्यांना मिळतं त्यांचं कमी करून नव्यांना देणं याला शाश्वत पर्यटन म्हणता येत नाही. अशा योजनेला विरोधही पहिल्याच हंगामात उभा राहतो.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि ती ओहोटीच्या वेळी ठेवू नका. तेव्हा त्या कामावर असतात.

आता चिखलात

सामान थोडकं लागतं. दहा मीटरची नायलॉनची दोरी, दर मीटरला गाठ मारलेली. शिंप्याची टेप. पेन्सिल आणि वही (ओल्या हातांनी पेन चालत नाही). फोन प्लास्टिकच्या पिशवीत. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट नकोत. ते चिखलात अडकतात आणि पाय तेवढा बाहेर येतो. जुने कॅनव्हासचे बूट, नाडी घट्ट बांधलेले, सगळ्यात चांगले. अनवाणी तर अजिबात उतरू नका, कालवांची धार ब्लेडसारखी लागते. एकट्याने जाऊ नका. पाणी परत चढायला लागलं की काम अर्धवट सोडून बाहेर या.

खाडीच्या काठापासून जमिनीच्या दिशेने सरळ रेषेत जा. झाडं पट्ट्यापट्ट्यांनी बदलत जातील. पाण्याच्या कडेला, मुखाकडे बहुधा चिप्पी. जमिनीतून वर आलेली जाड, शंकूसारखी श्वसनमुळं आणि बुडाशी चांदणीसारख्या पाकळ्या असलेलं गोल फळ ही तिची ओळख. पांढरी चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं संध्याकाळी उमलतात, वटवाघळं त्यांच्यावर येतात आणि सकाळपर्यंत पुंकेसर गळून पडलेले असतात. कांदळ ओळखायला सगळ्यात सोपं: खोडापासून कमानीसारखी खाली उतरलेली आधारमुळं आणि फांद्यांना लटकलेले हातभर लांबीचे हिरवे अंकुर. हे बी झाडावरच रुजतं आणि मग खाली पडतं. तिवराची मुळं पेन्सिली रोवून ठेवल्यासारखी बारीक. पान उलटं करा, ते फिकं, राखाडी दिसेल, आणि कोरड्या दिवशी पानावर मिठाचे कण हाताला लागतील. आतल्या बाजूला, विस्कटलेल्या मोकळ्या जागी काटेरी पानांची, निळसर फुलांची मारांडी पसरलेली असते. गेवा असेल तर त्याची फांदी मोडू नका, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायबंदी होतो. ही सूचना पुढे वाटाड्यांच्या प्रशिक्षणातही घालायची आहे.

आता मोजणी. रेषेवर ठरावीक अंतराने दोरीने दहा बाय दहा मीटरचे चौकोन आखा. प्रत्येक चौकोनातल्या मोठ्या झाडांची जात लिहा आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, घेर मोजा. कांदळाच्या बाबतीत हा नियम चालत नाही, कारण तिथे खोडाच्या जागी मुळंच असतात. सगळ्यात वरच्या आधारमुळाच्या ३० सेंटिमीटर वर टेप लावा. मोठ्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात पाच बाय पाचचा चौकोन वाढत्या झाडांसाठी आणि त्याच्या आत एक बाय एकचा रोपांसाठी. तोडलेले बुंधे वेगळे मोजा. ताजा घाव पांढरट-तांबूस असतो, जुना काळा पडलेला.

या सगळ्यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो एक मीटरचा चौकोन. मोठी झाडं कालचं सांगतात, रोपं उद्याचं. उजेड पडणाऱ्या फटींमध्येही रोपं नसतील, तर काहीतरी बिघडलेलं आहे. गुरं खात असतील, प्लास्टिकने चिखल झाकला असेल किंवा भरतीचं पाणीच पोहोचत नसेल. (दाट सावलीखाली रोपं कमी असणं मात्र स्वाभाविक आहे, त्यावरून घाबरू नका.) त्याच चौकोनात श्वसनमुळं मोजा. ही मुळं झाडाचं नाक आहेत. त्यांच्यावरच्या बारीक छिद्रांतून चिखलाखालच्या मुळांना हवा मिळते. पर्यटकांच्या पावलांनी ती मोडली, भरावाने किंवा तेलाने बुजली, की झाड उभ्याउभ्या गुदमरतं. म्हणून 'फोटोसाठी दोन मिनिटं खाली उतरा' हे वाक्य पाहणीच्या काळातच यादीतून काढून टाका.

खाडी आधीच आजारी आहे का?

पर्यटन हा आजारी खाडीवरचा इलाज नाही. काही खुणा बघितल्या की अंदाज येतो. कोकणात खारं पाणी अडवणारे खारभूमीचे बांध आहेत आणि त्यांना उघाड्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची दारं आहेत. उघाडी मोडलेली किंवा कायमची बंद असेल, तर बांधाच्या आतली झाडं वाळलेली दिसतील. काठ सरळ उभा कापलेला आणि मुळं उघडी पडलेली असतील, तर वेगाने जाणाऱ्या यांत्रिक होड्यांच्या लाटा किंवा वाळूउपसा हे कारण असू शकतं. सांडपाण्याचा नाला कुठे मिळतो, राडारोडा कुठे टाकला जातो, भरतीची रेघ जिथे थांबते तिथे कोणता कचरा साचतो, हे नकाशावर मांडा. कचऱ्यात गावातला किती आणि समुद्रातून आलेला किती हेही पाहा. दुधाच्या पिशव्या आपल्या, जाळ्यांचे तुकडे आणि थर्माकोल बहुतेक बाहेरचे.

यातलं गंभीर काही आढळलं, तर पर्यटनाचा आराखडा बाजूला ठेवून आधी ते मिटवायला घ्या.

पक्षी-प्राणी: यादी नको, अंतर मोजा

नवखे लोक पक्ष्यांची लांबलचक यादी करतात. ती माहितीपत्रकासाठी ठीक आहे, पण निर्णयासाठी दोनच गोष्टी लागतात. एक, कुठे विणतात आणि कुठे रात्री मुक्काम करतात. संध्याकाळी बगळे कोणत्या झाडांवर उतरतात ते झाड नकाशावर हवं. दुसरी, होडी किती जवळ गेल्यावर उडतात. हे मोजायला सोपं आहे. वल्ह्यांची होडी सावकाश न्या, पक्षी मान वर करून सावध झाला की अंदाजे अंतर लिहा, उडाला की पुन्हा लिहा. असं बऱ्याचदा केलं की आकडा स्थिरावतो. पक्षी सावध होतो त्याहूनही थोडं जास्त अंतर ही तुमच्या होडीची मर्यादा. मग इंजिनाच्या होडीने तेच करून पाहा. फरक बघितला की इंजिन हवं की नको यावर वेगळी चर्चा करावी लागत नाही.

ऐरोलीहून निघणारी रोहित पक्ष्यांची सफर ठाणे खाडी अभयारण्यात चालते. ते अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झालं आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. तिथे खाडी रुंद आहे, अंतर राखता येतं. गावातली तीस-चाळीस मीटरची खाडी तशी नसते. तिथे एका काठाला होडी गेली की दुसऱ्या काठावरचा खंड्या उडतो.

चिखलावर उड्या मारणारे निवट्या मासे, एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे, त्यांची बिळं, हेही नोंदवा. लहान मुलांना पक्ष्यांपेक्षा हेच जास्त आवडतं आणि ते होडीतूनही दिसतात. काठावर माशांची खवलं असलेली विष्ठा आढळली, तर पाणमांजराचा वावर आहे असं समजा आणि तो काठ होडी लावायच्या जागांतून वगळा.

आकडा कसा काढायचा

एका दिवसात किती माणसं? यासाठी जगभर वापरली जाणारी पद्धत तीन टप्प्यांची आहे. आधी जागेत मावतील तितकी माणसं, मग निसर्ग आणि माणसांच्या अडचणी वजा, मग तुमची सांभाळायची ताकद लक्षात घेऊन उरेल तो आकडा. एक काल्पनिक खाडी घेऊन करून बघू.

समजा, होडी फिरू शकते असा पट्टा १,२०० मीटरचा आहे. दोन होड्यांत २०० मीटर अंतर ठेवायचं, म्हणजे एका वेळी ६ होड्या. प्रत्येक होडीत ६ पर्यटक. भरतीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास होडी तरंगते, एक फेरी तासाभराची, म्हणजे ४ फेऱ्या. सहा गुणिले सहा गुणिले चार, १४४ माणसं. बैठकीत हा आकडा ऐकून सगळ्यांचे चेहरे उजळतात. इथेच थांबू नका.

आतला ४०० मीटरचा भाग बगळ्यांच्या मुक्कामाचा आणि अरुंद आहे, तो गेला. राहिले ८०० मीटर, म्हणजे ४ होड्या. चार तासांपैकी एक तास जाळी काढण्याचा, तो मच्छीमारांचा. राहिल्या ३ फेऱ्या. चार गुणिले सहा गुणिले तीन, ७२. आता गटाकडे बघा. शिकलेल्या, पोहता येणाऱ्या वल्हेकरी किती आहेत? दोन होड्यांना पुरतील इतक्याच असतील, तर दोन गुणिले सहा गुणिले तीन, ३६. तुमचा आजचा आकडा ३६ आहे, १४४ नाही. पुढच्या वर्षी आणखी दोन होड्यांची माणसं तयार झाली तर तो ७२ पर्यंत जाईल. त्याच्या पुढे कितीही मागणी आली तरी नाही.

या हिशेबात तिथी मिसळा. अष्टमीला भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे चार तासांचे दोन तुकडे पडतात. चतुर्थीला भरती दुपारी तीनला, एप्रिलच्या उन्हात त्या वेळी होडीत कोणाला बसवणार? चंद्राला शनिवार-रविवार कळत नाही. म्हणून ऑक्टोबर ते मेपर्यंतचं सफरीचं कॅलेंडर आधीच तयार करा: कोणत्या तारखेला किती वाजता, किती फेऱ्या. पावसाळ्याचे महिने बंद. नोंदणी त्या कॅलेंडरवरच घ्या. पुण्याहून निघालेल्या माणसाला फोनवर 'त्या दिवशी पाणी नाही' सांगणं सोपं असतं. धक्क्यावर उभ्या असलेल्या वीस जणांच्या गटाला तेच सांगणं फार कठीण जातं, आणि मग रुतणाऱ्या होडीला ढकलत न्यायचा मोह होतो.

आणखी एक मर्यादा खाडीच्या बाहेर असते आणि ती बहुतेक वेळा विसरली जाते: विहीर. एप्रिल-मेमध्ये गावात पिण्याचं पाणी किती दिवसांआड येतं? ३६ माणसांसाठी शौचालय, हात धुणं, जेवण, यांचं पाणी कुठून येणार आणि सांडपाणी कुठे जाणार? ते शेवटी खाडीतच जाणार असेल, तर आकडा पुन्हा खाली आणा. बस वळायला आणि उभी राहायला जागा आहे का, तेही बघा. खाजणातल्या गवतावर गाड्या लावणं म्हणजे तिथून भराव सुरू होणं.

काय बांधायचं नाही, हे आधी ठरवा

अहवालात 'विकासकामे' असा मथळा आला की सिमेंट येतं. माझं मत स्पष्ट आहे. कांदळवनातला पादचारी पूल हा शेवटचा पर्याय. होडीतून जे दिसतं ते दाखवून झालं नाही, तोवर पुलाचा विषय काढू नये. पुलासाठी परवानग्या लागतात, खांबांसाठी मुळं जातात, खालच्या चिखलावर सावली पडते आणि देखभाल न झाल्यास दोन पावसाळ्यांत फळ्या कुजतात. पणजीत कांदळवनालगत पायवाट आहे. पण ते शहर आहे, तिथे रोजचे चालणारे आणि देखभालीची यंत्रणा आहे. गोव्यातल्याच चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य बघितलं तर १.७८ चौरस किलोमीटरच्या त्या छोट्या जागेतही कांदळवन होडीतून दाखवलं जातं.

रात्रीचे दिवे नकोत, कर्णे नकोत. चिप्पीची फुलं आणि वटवाघळं यांचा सगळा व्यवहार अंधारात होतो. आणि एक लोकप्रिय कार्यक्रम यादीत असेल तर काढून टाका: पर्यटकांच्या हस्ते कांदळ-रोपण. उघडा चिखल दिसला की तो 'रिकामा' वाटतो, पण तोच पाणपक्ष्यांचं ताट असतो आणि बायकांच्या तिसऱ्या तिथेच मिळतात. जिथे भरतीचं पाणी नीट येतं-जातं, तिथे कांदळवन आपलं आपण वाढतं. जिथे वाढत नाही तिथे रोप खोचून वाढत नाही, आधी पाण्याची वाट मोकळी करावी लागते.

पैशांचं थोडक्यात

तिकिटाचा दर ३६ माणसं गृहीत धरून काढू नका. निम्म्या होड्या भरतील असं धरा, भांगेचे आणि दुपारच्या भरतीचे दिवस वजा करा आणि तेवढ्यात वल्हेकरणींची मजुरी, जीवरक्षक जॅकेट, विमा, होडीची डागडुजी आणि खाडी सफाई निघते का ते पाहा. निघत नसेल, तर हा जोडधंदा आहे, मुख्य धंदा नाही, असं गटाला आत्ताच सांगा. त्यात काही वाईट नाही. कर्ज मात्र त्या हिशेबानेच काढायचं.

खुंट्या, फोटो आणि अहवाल

पर्यटन सुरू झाल्यावर खाडी बिघडते आहे की नाही हे कळायला सुरू होण्याआधीची नोंद लागते. दोन स्वस्त युक्त्या पुरतात. होडी जाईल त्या वाटेवर, काठापासून बरोबर एक मीटर आत, बांबूच्या खुंट्या रोवा. दर महिन्याला खुंटीपासून काठाच्या कडेपर्यंत टेप लावा. एक मीटरचं ऐंशी सेंटिमीटर झालं, तर वीस सेंटिमीटर काठ गेला. होडी न जाणाऱ्या शेजारच्या फाट्यातही तशाच खुंट्या हव्यात, नाहीतर पावसाने गेलेला काठ होडीच्या माथी बसेल. दुसरी युक्ती फोटोंची. ठरलेल्या जागांवरून, ठरलेल्या दिशेने, पूर्ण ओहोटीला, वर्षातून तीनदा: पावसाळ्यानंतर, जानेवारीत आणि मेमध्ये.

मग मर्यादा ठरवा, आणि त्या कुठे ओलांडल्या की काय करायचं हेही आधीच ठरवा. काठ अमुक सेंटिमीटरपेक्षा जास्त गेला तर फेऱ्या निम्म्या. बगळ्यांचं मुक्कामाचं झाड रिकामं झालं तर तो पट्टा हंगामभर बंद. तिसऱ्या काढणाऱ्यांची तक्रार आली तर पंधरा दिवसांत बैठक. पर्यटक आणि पैसा सुरू झाल्यावर असे नियम करणं कोणालाच जमत नाही, म्हणून ते पाहणीच्या अहवालातच हवेत.

अहवाल वीस पानांच्या आत ठेवा. पहिल्या पानावर नकाशा, माणसांचा आकडा आणि 'इथे होडी जाणार नाही' अशा जागांची यादी. दुसऱ्या पानावर सफरीचं कॅलेंडर. बाकी मोजणीचे तक्ते मागे. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचून दाखवा आणि जे चिखलात काम करतात त्यांनी दुरुस्त्या सुचवल्या तर त्या तिथेच लिहून घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक वनविभागाच्या कांदळवन कक्षाला, एक बचत गटाला. खुंट्यांची नोंदवही गटातल्या एका ठरलेल्या बाईकडे राहू द्या, आणि ती गावाला गेली असेल तर कोणी मोजायचं, तेही नाव पहिल्या पानावर लिहा.